घरून काम करणारी झाडूवाली : एका सरकारी वाक्याचे वाचन

समीक्षा करायची ती कवितेची, कादंबरीची, फार तर नाटकाची, असा समज आपल्या विद्यापीठीय वर्तुळात घट्ट रुजलेला आहे. मला तो मान्य नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पुस्तके उशिरा आली आणि हुकूम मात्र पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले, त्या समाजातून आलेल्या समीक्षकाने हुकूमही वाचले पाहिजेत. हुकुमालाही भाषा असते, शैली असते, आणि त्याच्या मनात एक नायक ठरलेला असतो. म्हणून या लेखात मी कोणत्याही साहित्यकृतीबद्दल लिहिणार नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत केंद्रीय गृहमंत्रालयाने काढलेल्या एका आदेशातील एका वाक्याबद्दल लिहिणार आहे.

हा आदेश १५ एप्रिल २०२० चा. कामाच्या ठिकाणी काय काळजी घ्यावी, याच्या सूचना त्यात आहेत. त्यातील एका कलमाचा आशय असा की, पासष्ट वर्षांवरील व्यक्ती, व्याधी असलेल्या व्यक्ती आणि पाच वर्षांखालील मुलांचे पालक यांना घरून काम करण्यास उत्तेजन द्यावे. माझ्या वाचनात टाळेबंदीच्या त्या पहिल्या महिन्यातील आदेशांत कामगाराला मूल असते याची दखल घेणारे हे ठळक वाक्य. वाक्य सौम्य आहे. त्यात दंड नाही, धमकी नाही, उलट माया आहे. लहान मुलाचे बापाकडे, आईकडे लक्ष असते हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे. वाचले तेव्हा मला क्षणभर बरेही वाटले.

मग मी ते वाक्य आमच्या वस्तीतल्या एका बाईला लावून पाहिले. ती ठेकेदाराकडे सफाईचे काम करते. तिला तेव्हा चार वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. तिने घरून काम कसे करावे? रस्ता घरी आणावा काय?

इथे वाक्याचे खरे स्वरूप उघडे पडते. या वाक्याच्या मनातला ‘पालक’ खुर्चीवर बसणारा आहे. त्याच्या घरात निदान दोन खोल्या आहेत, त्याचे काम कागदाचे किंवा पडद्यावरचे आहे. वाक्य लिहिणाऱ्याने कुणाला मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. वगळायला आधी माणूस डोळ्यांपुढे असावा लागतो. त्याच आदेशमालेत दवाखाने, वीज, पाणी, सफाई या सेवा चालू राहतील असे बजावलेले आहे. म्हणजे झाडू मारणारी बाई आदेशात आहे. पाच वर्षांखालचे मूलही आदेशात आहे. फक्त ते मूल तिचे असू शकते, हे त्यात नाही. बाई एका कलमात आणि मूल दुसऱ्या कलमात. दोघांची गाठ पडत नाही.

माझी स्वतःची आई मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत झाडूवाली होती. पहाटे साडेपाचला हजेरी. बाप मुंबईला. मी तिसरीत असताना धाकटी बहीण झाली आणि माझी शाळा जवळजवळ दीड वर्ष सुटली. आई बाहेरून कडी घालून जायची, कारण मी पोरगीला घेऊन शाळेच्या वाटेने निघेन अशी तिला भीती. साडेअकराला ती आली की हात-पाय खसाखसा धुवायची, लुगडे बदलायची आणि मगच बहिणीला घ्यायची. त्या सहा तासांत मी पाणी पाजणे, गुळाचा खडा चोखायला देणे, झोळी हलवणे हे सगळे शिकलो. पुढे एका मास्तरांनी ओरडून मला पुन्हा वर्गात बसवले, म्हणून मी आज हे लिहितो आहे. बहिणीच्या पाठीवर आणखी एक भाऊ झाला तेव्हा कडीच्या आत बसायची पाळी तिच्यावर आली. तिला कोणी मास्तर भेटला नाही. ती सही करते, एवढेच.

ही कथा मी करुणा मिळवायला सांगत नाही. आमच्याकडे ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरणीत बाया राबत होत्या त्या काळात तान्ह्या पोरांना अफूची गोळी चारून निजवले जात असे. ते पाहून गोऱ्या साहेबांच्या मजूर आयोगानेसुद्धा १९३१ मध्ये त्याची नोंद केली आणि गिरण्यांत पाळणाघरे हवीत असे म्हटले. अफू, कडी, झोळी, थोरली पोरगी ही आपली पाळणाघराची परंपरा. ती माहीत असली म्हणजे २०२० मध्ये जगात दुसरीकडे काय झाले ते नीट मोजता येते.

इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या. पण त्याच वेळी एक यादी निघाली. या यादीतल्या कामकऱ्यांची मुले शाळेत येतील, त्यांच्यासाठी शाळा उघड्या राहतील. यादीत डॉक्टर-परिचारिका होत्या, तसे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारे, वाहतुकीचे, अन्नधान्याचे, सांडपाण्याचे आणि कचरा उचलणारे कामगारही होते. मुले सांभाळणारे लोक स्वतः त्या यादीत होते, हे मला विशेष वाटले. आई-बापांपैकी एकजण यादीत असला तरी पुरे. जर्मनीत याला आपत्कालीन देखभाल असे नाव होते. तिथल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांतात पहिल्या आठवड्यात दोघेही पालक आवश्यक कामात हवेत अशी अट घातली गेली. मग ध्यानात आले की परिचारिकेचा नवरा आवश्यक कामात असेलच असे नाही. २३ मार्चपासून एकावर भागू लागले. न्यूयॉर्क शहराने त्याच दिवशी, २३ मार्चला, शाळांच्या इमारतींत केंद्रे उघडली. दवाखाने, अग्निशमन, पोलीस, बस-रेल्वे यांतल्या कामगारांची मुले तिथे फुकट राहात आणि त्यांना तीन वेळचे जेवण मिळे. कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतानेही सरकारी खर्चाने आरोग्यकर्मींच्या मुलांची सोय केली.

हे वाचून विलायतेची आरती ओवाळावी असे मला मुळीच वाटत नाही. इंग्लंडच्या शाळांत एप्रिलमध्ये एकूण पटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी मुले येत होती. सरकारच सांगत होते की शक्य असेल तर मूल घरीच ठेवा, आणि लोकांना भीतीही होती. अगदी लहान, शाळेत न जाणाऱ्या मुलांची सोय अनेकांना पदरच्या पैशानेच करावी लागली. मुख्य म्हणजे या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी मूल हे कामाच्या आड येणारी अडचण म्हणून उभे आहे. आईची गरज आहे तोवर मुलाची सोय. अमेरिकेने हे आधी एकदा करून दाखवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात बाया कारखान्यांत हव्या होत्या तेव्हा लॅनहॅम कायद्याखाली सरकारी पैशाने पाळणाघरे निघाली, आणि युद्ध संपताच १९४६ मध्ये केंद्राचा पैसा थांबला. कोरोनातही तेच. २०२१ मध्ये पाळणाघरे तगवण्यासाठी तिथल्या संसदेने २४ अब्ज डॉलर दिले; ३० सप्टेंबर २०२३ ला ती मदत संपली. आणि ती सांभाळणाऱ्या बाया तिथेही कोण? मोठ्या प्रमाणात काळ्या आणि बाहेरून आलेल्या, कमी मजुरीच्या. तेव्हा आपत्कालीन पाळणाघर म्हणजे क्रांती नव्हे. परंतु त्या यादीने एक गोष्ट कबूल केली : कचरा उचलणाऱ्याला मूल असते आणि तो कामावर गेला तर त्या मुलाचे काय, हा प्रश्न सरकारचा आहे. आपल्या आदेशाला एवढेही कबूल करता आले नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते एका स्नेह्याने मला दिले. तो डॉक्टर आहे आणि त्याचे म्हणणे मी हलके मानत नाही. तो म्हणाला, ‘‘तू काय बोलतोस? तेव्हा रोगाचा कुणाला पत्ता नव्हता. दवाखान्यातून आलेल्या बाईचे पोर आणखी वीस पोरांत नेऊन बसवायचे म्हणजे रोग वाटणे.’’ खरे आहे. पण ते पोर मग कुठे होते? आईच्याच दहा बाय दहाच्या खोलीत होते, शेजारणीकडे होते, आजीच्या मांडीवर होते. आणि या रोगात सगळ्यांत मोठा धोका होता तो आजीला. म्हणजे रोग वाटायचा थांबला नाही, तो सरकारी नोंदीबाहेर वाटला गेला. जर्मनीत मुलांचे छोटे गट केले. जागेचा प्रश्न म्हणाल तर शाळा रिकाम्याच होत्या. पालिकांनी कित्येक शाळा विलगीकरणासाठी घेतल्या. इमारत, कुलपाची किल्ली आणि ती उघडण्याचा अधिकार हे सारे सरकारकडे होते. कोणत्या कामासाठी उघडायची, एवढाच निर्णय होता.

आणि सरकारला काही सुचत नव्हते असेही नाही. १५ जून २०२० पासून मुंबईत अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी लोकलगाड्या सुरू झाल्या. ओळखपत्र, वेगळे फाटक, ठरलेले थांबे, सगळी व्यवस्था झाली. कामगाराला कामावर कसे न्यावे हे व्यवस्थेला उत्तम कळते. ऑक्टोबरमध्ये ठराविक वेळांत सर्व बायांना लोकलची मुभा मिळाली, आणि नोव्हेंबरमध्ये रेल्वेने सांगितले की बायांनी सोबत मुले आणू नयेत. रोगाच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण पुन्हा तेच. मूल घेऊन येऊ नका. मग ठेवू कुठे? याचे उत्तर कोणत्याच फलकावर नव्हते.

आता शब्दांकडे वळतो, कारण माझा धंदा शब्दांचा आहे. या काळात ‘कोविड योद्धा’ हा शब्द घरोघर पोचला. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या, सफाई कामगारांवर फुले पडली. आपल्या लोकांना मोठ्या शब्दांचा जुना अनुभव आहे. हक्क देण्याची वेळ येते तेव्हा बिरुद दिले जाते. एकेकाळी आपल्याला ‘हरिजन’ म्हणून देवाच्या स्वाधीन केले होते, आता योद्धा म्हणून रणाच्या. योद्ध्याला सुटी नसते, मजुरीबद्दल त्याने बोलायचे नसते, आणि त्याची मुले कथेत येत नाहीत. आलीच तर तो पडल्यावर येतात. या शब्दाला जोडून पन्नास लाखांचा विमा आला हे मी नाकारत नाही. पण विमा हा मेलेल्या आईच्या मुलासाठी होता. जिवंत आईच्या मुलासाठी काय, याची सोय बिरुदात नव्हती.

दुसरा शब्द ‘सेविका’. अंगणवाडी सेविकेचे प्रकरण तर एखाद्या कुशल लेखकालाही सुचणार नाही असे आहे. १९७५ पासून या देशात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना आहे आणि गावोगाव तिच्या अंगणवाड्या आहेत. म्हणजे आपत्काळात मुले सांभाळायला माणसे नव्हती, हे खोटे. पण त्या १५ एप्रिलच्या आदेशातच आहे की अंगणवाडीत मुलांनी यायचे नाही. सेविकेने पंधरा दिवसांतून एकदा शिधा घरपोच द्यायचा. पुढे त्याच सेविका, आशा आणि इतर आरोग्यकर्मी घरोघर ताप मोजत फिरल्या. मुले सांभाळणाऱ्या बाईला मुलांपासून सोडवून रोगाच्या कामाला लावले, आणि तिची स्वतःची मुले? ती आपल्याच बंद अंगणवाडीच्या दाराबाहेर. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने या सेविकांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला होता. सभागृहात गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. संप करायचा म्हटला की ती अत्यावश्यक. पगार मागितला की ती मानसेवी, तिला वेतन नाही, मानधन आहे. उपदान मिळण्याचा तिला हक्क आहे हे ठरायला २५ एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला.

तिसरे, घोषणा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. मोहिमेचा हेतू चांगला होता, रुग्ण लवकर सापडावेत हा. पण आशाताई सकाळी नऊला ही घोषणा असलेला कागद घेऊन दुसऱ्यांच्या कुटुंबांच्या दारात उभी राहात होती, तेव्हा तिचे कुटुंब कुणाची जबाबदारी होते? घोषणेने ते आधीच सांगून टाकलेले आहे. साहित्यात याला आपण व्याजोक्ती म्हटले असते.

राज्याने मुलांचा भार उचलावा ही कल्पना परकी आहे, आयात केलेली आहे, असे कोणी म्हणेल. त्याने १९२८ सालची मुंबई विधिमंडळाची चर्चा वाचावी. प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी असे मांडले की बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार खरे तर बव्हंशी सरकारने उचलला पाहिजे. बाईच्या बाळंतपणाला त्यांनी खाजगी बाब मानले नाही. पुढे ते मजूरमंत्री असताना त्यांच्यावर अवघड प्रसंग आला. युद्धासाठी कोळसा हवा म्हणून १९४३ मध्ये बायांना भूमिगत खाणीत पाठवण्याची बंदी उठवली गेली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये सभागृहात त्याचे समर्थन त्यांना करावे लागले. तो निर्णय मला आजही बोचतो, आणि त्यांच्यावर श्रद्धा आहे म्हणून तो झाकून ठेवावा असे मला वाटत नाही. पण त्याच काळात खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात भूमिगत काम करणाऱ्यांसाठी दुरुस्ती झाली, १९४६ च्या फेब्रुवारीपासून बंदी पुन्हा लागू झाली, आणि त्याच वर्षी खाणींसाठी पाळणाघरांचे नियम झाले. आणीबाणीत बाईला कामाला लावले तर तिच्या शरीराचे आणि मुलाचे देणे लागते, हा हिशेब पाऊणशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

मग तो कुठे हरवला? कायदे आहेत. कारखान्यात तीसहून अधिक बाया असतील तर पाळणाघर हवे, असा कायदा होता. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले. परंतु रस्ता ही आस्थापना नाही. ठेकेदार आपली माणसे कागदावर अशी वाटतो की आकडा भरतच नाही. केंद्राची पाळणाघर योजना होती, तिच्या खर्चाची वाटणी २०१७ मध्ये बदलली, राज्ये आणि संस्था यांच्यावर वाटा टाकला, आणि कितीतरी पाळणाघरे बंद पडली. म्हणजे रोग आला तेव्हा ही भिंत आधीच पडलेली होती. २०२२ मध्ये ‘पाळणा’ नावाने योजना पुन्हा मांडली गेली आहे. नाव तरी मराठी माणसाला कळेल असे आहे.

आता घरचा अहेर. सफाई कामगाराच्या मुलाची व्यवस्थेला अगदीच आठवण नाही असे नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींपासून या राज्यात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीत घेण्याची पद्धत आहे. म्हणजे ते मूल अठरा वर्षांचे झाले, हातात झाडू धरू लागले, की शासन निर्णयात अवतरते. चार वर्षांचे असताना मात्र ते कुठेच नसते. आपल्या संघटनांनी वारसा हक्कासाठी मोर्चे काढले, न्यायालयात भांडल्या, आणि मी त्यांना दोष देणार नाही. भुकेल्या माणसाला हातची भाकरी सोड असे सांगणे सोपे असते. पण मुलगा झाडूचा वारस व्हावा म्हणून आपण जेवढे झगडलो, त्याच्या शतांशानेही तो लहानपणी कडीआड राहू नये म्हणून झगडलो नाही. २०२० मधली आपली निवेदने मी काढून पाहिली. मास्क, हातमोजे, विमा, कायम करा, थकीत वेतन द्या. सगळ्या मागण्या रास्त. पाळणाघर एकातही नाही. मी स्वतः मसुदा केलेल्या निवेदनातही नाही. ज्याचे तिसरीचे वर्ष त्यातच गेले त्यालाही ते सुचले नाही, कारण निवेदन लिहिताना मी पुरुष कार्यकर्त्यांच्यात बसलो होतो आणि मूल ही बायकांची गोष्ट, असे त्या आदेशाप्रमाणेच माझ्याही मनात होते.

आपल्याकडेही एक आपत्कालीन व्यवस्था होतीच. शाळा बंद झाल्या आणि वस्तीवस्तीतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुली घरी सापडल्या. त्यांच्यावर एक पैचाही सरकारी खर्च झाला नाही. ज्या बाईबद्दल मी सुरुवातीला लिहिले, तिची मुलगी तेव्हा चौथीत होती. शाळा उघडल्या तेव्हा मास्तरीण घरी आली. मुलीला बेरीज येईना, आणि भाऊ तिला सोडीना. ती पुन्हा बसली शाळेत, पण दोन वर्षांनी लहान पोरांत. मग लाजेने जाईनाशी झाली.

गेल्या वर्षी आमच्याकडे कामगारांची बैठक होती. मागण्यांची यादी वाचून झाली, तेव्हा मी उठून म्हणालो की पाळणाघराची मागणी घाला. सचिव भला माणूस आहे. ‘‘घालू की सर, शेवटी लिहा,’’ म्हणाला. मी अकरावा आकडा टाकून लिहू लागलो. मागे बसलेल्या बायांत कुजबूज झाली. तीच बाई उभी राहिली. ‘‘सर, वेळ बी लिवा त्यात. आमच्या वार्डातली अंगणवाडी धाला उघडती. आमची हजेरी साडेपाचला.’’ सचिवाने कागद परत मागितला आणि अकराव्या मागणीपुढे आपल्या हाताने लिहिले : पहाटे पाचपासून.